भरणी खात्यातल्या काकू

काकू भरणी खात्यात शिरण्याआधी दाराशी थांबायच्या. बोटातली अंगठी काढायच्या, रुमालाच्या टोकात बांधायच्या, रुमाल खिशात घालायच्या आणि मग आत पाऊल टाकायच्या. बाहेर आल्या की अंगठी परत बोटात. पहिल्या दिवशी मला वाटलं, फरशी पुसायची असेल. दुसऱ्या दिवशी त्या नुसता चहा घेऊन आल्या, तरी तेच. असते एकेकाची सवय, म्हणून मी सोडून दिलं. असा मठ्ठ माणूस हवेतलं विष मोजायच्या नोकरीला कुणी ठेवला, असं तुम्ही विचाराल. मीही स्वतःला ते विचारतो, आणि त्या पाच दिवसांपासून जरा जास्तच विचारतो.

इमारत नदीकाठची. तीन मजली, विटांची, पाण्याच्या बाजूला सात उंच खिडक्या. एके काळी इथे थर्मामीटर व्हायचे. तळमजल्यावर काच ओढायची, पहिल्या मजल्यावर, भरणी खात्यात, नळ्यांमध्ये पारा भरायचा, वरच्या मजल्यावर आकडे कोरायचे. कारखाना बंद होऊन वीस वर्षं झाली होती. आता वर राहायच्या खोल्या आणि पहिल्या मजल्यावर, त्या सात खिडक्यांच्या दालनात, पाळणाघर होणार होतं. त्याआधी इमारत माणसांना राहण्याजोगी आहे की नाही याची पर्यावरण तपासणी हवी, आणि ते काम आमच्या कचेरीकडे आलं. कचेरीकडे म्हणजे कागदावर साहेबांकडे. प्रत्यक्षात गाडीतून उतरून साहेब दहा मिनिटं मान हलवायचे आणि जायचे. यंत्र घेऊन गुडघ्यांवर रांगायला मी.

यंत्र जेवणाच्या डब्याएवढं. त्याला एक नळी. नळी जिथे धराल तिथली हवा ते ओढतं आणि तिच्यात पारा किती ते आकड्यात सांगतं. हे यंत्र लागतं, कारण पाऱ्याच्या वाफेला वास नाही, रंग नाही. खोलीभर पसरली तरी नाकाला पत्ता नसतो. ती कळते फार उशिरा, आणि कळते ती बोटांना, ती कापू लागली की.

काकू त्याच भरणी खात्यात बावीस वर्षं होत्या. सतराव्या वर्षी लागल्या. नवरा लवकर गेला, पदरात एक मुलगी. कारखाना बंद झाला तेव्हा किल्ल्या सांभाळायला म्हणून त्यांना ठेवून घेतलं, ते आजतागायत. चौदा किल्ल्यांचा जुडगा होता त्यांच्याकडे, आणि कुठल्या कुलपाला किल्ली किती उचलून फिरवायची ते त्यांनाच ठाऊक. बारीक, ताठ बाई. मोजकं बोलणारी. चहा आणायच्या तो नेहमी अर्धा कप आणि दोन्ही हातांनी धरून.

मी एकदा चेष्टेनं म्हणालो, "काय काकू, चहातही काटकसर?"

"भरला तर सांडतो, भाऊ," त्या म्हणाल्या.

तेव्हा मी त्यांच्या हातांकडे पाहिलं. बशीत कप वाजत होता. वय झालं, म्हणून तेही मी सोडून दिलं. सोडून देण्यात आमचा हात कुणी धरणार नाही.

पाळणाघर चालवणार होती काकूंचीच मुलगी. मी तिला ताई म्हणायचो. बत्तीस-तेहतीसची, हसरी, दुसऱ्याच्या पाळणाघरात दहा वर्षं राबलेली. स्वतःची जागा मिळावी म्हणून सहा वर्षं खेटे घातलेले, आणि आता कुठे मिळत होती. जेवणाच्या सुट्टीत ती यायची, कडेवर दोन वर्षांची पिटुकली. पाळणाघरातलं पहिलं मूल हीच, असं ताई सगळ्यांना सांगायची. पाटीसुद्धा रंगवून आली होती आणि जिन्यात भिंतीला टेकवून ठेवली होती. निळ्या पाटीवर पांढरी अक्षरं, 'चंदेरी मणी', आणि भोवती चकचकीत गोल ठिपके.

"नाव छान आहे," मी म्हणालो.

"माझ्या लहानपणीची आठवण आहे," ताई म्हणाली. "मला चंदेरी मणी होते खेळायला. हातात धरावे तर निसटून जायचे. खरे की स्वप्नातले कोण जाणे. आईला विचारलं तर म्हणते, आठवत नाही."

काकू वरच्या पायरीवर उभ्या होत्या. त्यांनी कठडा घट्ट धरला. मला वाटलं, गुडघे.

आता मोजणीचं सांगतो. दिवस कडाक्याच्या थंडीचे. रंगाचा वास जावा म्हणून सातही खिडक्या महिनाभर उघड्या. मी दोन स्वेटर घालून त्या दालनात कोपरा न् कोपरा नळी फिरवत होतो आणि यंत्र शून्याच्या आसपास डुलक्या घेत होतं. काकू रोज विचारायच्या, "काय म्हणतंय?"

"काही नाही. स्वच्छ आहे."

खरं तर ऐकून बरं वाटायला हवं. त्यांचा चेहरा आणखी उतरायचा. माणसं सापाला भितात, साहेबाला भितात. ही बाई शून्याला भीत होती.

तिसऱ्या दिवशी कप ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "भाऊ, उन्हाळ्यात परत मोजणार का?"

"कशाला? शुक्रवारी दोन वाजता साहेब सही करणार, सोमवारी पाळणे येणार."

"नाही, असंच."

चौथ्या दिवशी विचारलं, "फळ्या उचलून बघितलं का खाली?" मी फायलीतला कागद काढून दाखवला. कारखाना बंद होताना भरणी खात्यातली जुनी लाकडी जमीन पूर्ण काढून नवी टाकली, असं त्यात शिक्क्यासकट लिहिलेलं होतं. काकूंनी तो ओठ हलवत दोनदा वाचला.

"असं लिहिलंय का?"

"लिहिलंय ना."

"मग असेल तसं." कागद परत देताना तो त्यांच्या हातात फडफडत होता. दाराशी गेल्या, वळल्या. "भाऊ, समजा जुन्या कामगारानं काही केलं असेल, मुद्दाम नाही, असंच, तर इतक्या वर्षांनी पोलीस नेतात का?"

"का हो काकू, दरोडा घातला होता का कुठे?"

त्या हसल्या नाहीत. खाई त्याला खवखवे म्हणतात, पण ही खवखव मला दिसूनही दिसली नाही. माझं लक्ष शुक्रवारकडे होतं.

शुक्रवार उजाडला. पाळणाघरासाठी दालन गरम ठेवायला भिंतींवरून गरम पाण्याचे नळ बसवले होते, त्यांची चाचणी त्या दिवशी होती. नळवाल्यानं सकाळी सहालाच खाली बॉयलर पेटवला. खिडक्या पहिल्यांदा बंद झाल्या. अकराच्या सुमारास दालन इतकं ऊबदार झालं की मी दोन्ही स्वेटर काढून खुर्चीवर टाकले आणि यंत्र बंद करून पेटीत ठेवलं. आकडे लिहून झाले होते. पाच दिवसांत पहिल्यांदा बोटं वळत होती, मजेत शीळ घालत होतो.

ताई टेप आणि शिवणाची पिशवी घेऊन आली, पडद्यांचं माप घ्यायला. पिटुकलीला तिनं तिसऱ्या खिडकीपाशी जमिनीवर सोडलं. पोर पालथी पडली, गाल फळीला लावला आणि एका फटीत डोळा घालून बघत बसली. "मणी," ती म्हणाली. आईनं शिकवलेलं नाव म्हणतेय, असं समजून आम्ही दोघं हसलो.

काकू चहा घेऊन आल्या. दाराशी थांबल्या. अंगठी काढायला कप कट्ट्यावर ठेवणार, तेवढ्यात त्यांचा हात भिंतीवरच्या नळाला लागला. नळ गरम होता. त्यांनी नळाकडे पाहिलं, बंद खिडक्यांकडे पाहिलं, मग जमिनीवरच्या पोरीकडे. कप खाली पडून फुटला.

"उचल तिला!"

एवढा मोठा आवाज त्या बाईच्या छातीत असेल असं मला वाटलं नव्हतं. ताई टेप धरून उभीच राहिली. काकू धावत आत आल्या, बोटात अंगठी तशीच, पोरीला काखेत धरून उचललं आणि सरळ जिन्यात. आम्ही मागोमाग. पिटुकली भोकाड पसरून "मणी, मणी" करत होती आणि तिची एक मूठ गच्च आवळलेली होती. काकू ती मूठ सोडवायला बघत होत्या, पण त्यांचीच बोटं ऐकेनात. काय झालंय ते मला अजून नीट कळलंही नव्हतं, पण बाईच्या चेहऱ्यावरची भीती मलाही लागली. शेवटी ताईनं मूठ उघडली. आत धूळ होती. नुसती धूळ.

"आई, काय झालंय तुला?"

काकू तिच्याशी बोलल्या नाहीत. माझ्याशी बोलल्या. "भाऊ, थंडीत पारा झोपतो. चार दिवस तुमचं यंत्र झोपलेल्याला विचारतंय, जागा आहेस का म्हणून. ते काय सांगणार? आम्ही इथे, खाली काचेची भट्टी पेटली की, खिडकीपाशी बसायला भांडायचो. आज खोली गरम आहे. आज विचारा."

माझी पाचावर धारण बसली. खोली ज्या उबेत वापरणार, त्याच उबेत मोजायचं, हे आमच्या नियमांच्या पुस्तकात पहिल्याच पानावर आहे. दुसऱ्यांना ते मीच शिकवतो. आणि थर्मामीटरच्या कारखान्यात बसून खोलीचं तापमान बघायचं मीच विसरलो होतो. ही चूक दुसऱ्या कुणी केली असती तर मी जन्मभर त्याला चिडवलं असतं.

यंत्र काढलं, तिसऱ्या खिडकीपाशी गुडघे टेकले, नळी फटीवर धरली. आकडा हलला. मग चढू लागला. लहान मुलांच्या खोलीत जेवढा चालतो तेवढा झाला, त्याच्या दुप्पट झाला, दसपट झाला, आणि मी यंत्र उचलून मागे सरकलो. चार दिवस मी याच जागेवर डबा उघडून जेवलो होतो.

खिडक्या सताड उघडल्या, नळवाल्याला बॉयलर विझवायला सांगितलं आणि सगळे खालच्या अंगणात जाऊन बसलो. तिथे काकूंनी सगळं सांगितलं. इतकी वर्षं गिळलेलं एका दमात बाहेर आलं.

भरणी खात्यात आठ टेबलं होती. नळी भरताना पारा सांडायचाच. सांडला की नियम असा, की कोंबडीच्या पिसानं थेंब न् थेंब गोळा करायचा आणि तो झाल्याशिवाय त्या टेबलाच्या बायकांनी उठायचं नाही, घंटा झाली तरी. घरी पोरं वाट बघत असायची. तिसऱ्या टेबलाच्या पायाशी फळीतली एक गाठ निसटून बोट जाईल एवढं भोक पडलं होतं. कुणीतरी एकदा पिसानं थेंब तिकडे ढकलला. खाली गेला, आवाज नाही, काही नाही. मुकादमाला दिसलं नाही. बायका वेळेवर घरी गेल्या. त्या भोकाचं नाव पडलं मावशी. माय मरो आणि मावशी जगो. आईपुढे काढता येत नाही ते मावशीच्या पोटात घालावं, ती कुणाला सांगत नाही. 'मावशीला दे गं,' म्हटलं की आठही टेबलांचा सांडलेला पारा पिसापिसानं तिकडे जायचा. वर्षानुवर्षं. आणि पाऱ्यानं सोनं पांढरं पडतं, म्हणून आत येताना अंगावरचं सोनं दाराशी काढायचं, हे प्रत्येकीच्या हाताला इतकं मुरलं होतं की काकूंचा हात अजून विसरला नव्हता.

"आणि जुनी जमीन काढली ती?" मी विचारलं.

"काढली कुठे? तिच्यावरच नव्या फळ्या ठोकल्या. मीच खिळे देत होते."

दोन वाजता साहेब आले. मी आकडा सांगितला. ते म्हणाले यंत्र बिघडलं असेल. मग वर जाऊन नळवाल्यानं पहार घालून नवी फळी उचकटली. खाली काळी, जुनी फळी, तिच्यावर टेबलाच्या पायाच्या खुणा आणि मधोमध ते भोक. साहेबांनी लांबूनच बॅटरी मारली. आत काहीतरी चमकलं.

"पाणी असेल साचलेलं," साहेब म्हणाले. "किंवा पत्रा. हे बघा, सगळ्यांचं काम अडून बसेल. फळी बसवा परत, वरून जाड थर टाकू. झाकली मूठ सव्वा लाखाची."

मी तोंड उघडलं आणि मिटलं. नोकरी माझी होती, आणि चूकही माझीच होती. भीती माणसाला किती पटकन शहाणी करते ते त्या क्षणी मला समजलं.

काकू पुढे झाल्या. मी ओरडलो, "काकू, हात लावू नका." त्यांनी ऐकलं नाही. बोटातली अंगठी काढली, ताईच्या शिवणाच्या पिशवीतला दोरा तिला बांधला आणि गुडघ्यांवर बसून ती भोकातून खाली सोडली. हात असा थरथरत होता की दोरा भोकाच्या कडेला घासत राहिला. त्यांनी मनातल्या मनात काहीतरी मोजलं आणि दोरा वर ओढला. आत गेलेली अंगठी पिवळी होती. बाहेर आली ती पांढरी, चांदीसारखी, आणि तिच्यावरून एक गोल थेंब सुटून परत भोकात गेला.

साहेबांनी बॅटरी बंद केली. सही झाली नाही.

पुढचं थोडक्यात. पहिला मजला सील झाला. डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली माणसं आली, जुन्या फळ्या पिंपांत भरून घेऊन गेली, आणि त्या फळ्यांखाली काय निघालं ते अहवालात आहे, मीच लिहिलंय. पोलीस कुणाला न्यायला आले नाहीत. पाळणाघराला ती जागा मिळाली नाही. इथपर्यंत सगळं कागदावर आहे.

मला मात्र आठवतो तो त्या दुपारचा जिना. साहेब गेले होते. ताई पायरीवर बसली होती, मांडीवर झोपलेली पिटुकली. ताई टेप बोटाला गुंडाळत होती, परत सोडत होती. मला वाटलं, जागा गेल्याचं दुःख असेल. काकू दोन पायऱ्या खाली उभ्या, जवळ जायचं धाडस नाही.

"आई," ताई म्हणाली, "तू कामाला यायचीस तेव्हा मी कुठे असायचे? तेव्हा पाळणाघर नव्हतं."

काकूंनी कठडा धरला.

"गोधडी आठवते मला. टेबलाच्या खाली होती. कुठल्या टेबलाच्या?"

"तिसऱ्या," काकू म्हणाल्या.

ताईनं भिंतीला टेकवलेल्या पाटीकडे पाहिलं. त्या चकचकीत ठिपक्यांकडे पाहिलं. इथून निघून जावं असं वाटत होतं आणि पाय उचलत नव्हते.

"तू रडायचीस," काकू भराभर बोलू लागल्या. "मुकादम म्हणायचा, रडली तर उद्यापासून आणायची नाही. तुला ठेवणार कुठे मी? बशीत दोन थेंब दिले की तासभर गप्प बसायचीस. बोटानं फोडायचीस, परत जोडायचीस, हसायचीस. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं गं. खरंच नव्हतं सांगितलं. मला पोलिसाची भीती नव्हती. मला तुझी होती."

त्यांनी पोरीला घ्यायला हात पुढे केले. दर दुपारी करायच्या तसेच.

ताईनं पोर दिली नाही. तिनं आपला उजवा हात उचलला, डोळ्यांसमोर सरळ धरला, बोटं पसरली आणि बघत राहिली. हात थरथरत होता. तो आत्ताच थरथरायला लागला होता की आधीपासूनच थरथरत होता, हे तिला कळत नव्हतं, आणि मलाही सांगता येत नव्हतं. काकू मात्र त्या हाताकडे बघून मटकन खाली बसल्या.